एक मणका सिमेंटने भरला, दुसरा तसाच ठेवला

हे प्रकरण ७४ वर्षांच्या एका आजींचं. माण तालुक्यातलं कोरडवाहू गाव, जन्मभर शेतात राबलेलं शरीर, वजन ४६ किलो. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत. नात्यातल्या लग्नाहून परतताना आजी बसच्या अगदी शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. गतिरोधकावर बसचा मागचा भाग उडाला, आजी सीटवरून वर फेकल्या गेल्या आणि दाणकन खाली आपटल्या. पाठीत काहीतरी कडकन वाजल्याचं त्यांना आठवत होतं. शेजारच्या बाईने हात धरून उतरवलं तेव्हा त्यांना सरळ उभं राहता येत नव्हतं.

शेवटच्या बाकाचा इथे संबंध आहे. हा बाक मागच्या चाकांच्याही मागे असतो, त्यामुळे चाकं उंचवट्यावरून गेली की तिथे बसलेल्या माणसाला दणका सगळ्यात जास्त बसतो. बसलेल्या अवस्थेत कंबर थोडी पुढे झुकलेली असते. वरून आलेला भार मग मणक्याच्या पुढच्या भागावर पडतो आणि तोच भाग चेपतो. बरगड्यांनी घट्ट बांधलेली पाठ जिथे संपते आणि मोकळी हलणारी कंबर जिथे सुरू होते, त्या सांध्यावर डी-१२ (पाठीचा शेवटचा) आणि एल-१ (कमरेचा पहिला) हे मणके येतात. म्हणून अशा दणक्यात बहुतेक वेळा यांचाच बळी जातो. तरुण माणूस अशा वेळी शिवी देऊन पुढे पेपर वाचत बसतो. हाड आधीच ठिसूळ असेल तर तेवढ्यानेही मणका बसतो.

गावात इंजेक्शन मिळालं, तालुक्याला एक्स-रे निघाला. ‘वयोमानाने झीज’ असं निदान झालं, कमरेला पट्टा आला आणि झोपून राहायला सांगितलं गेलं. दोन आठवड्यांनी थोरला मुलगा त्यांना जीपच्या मागच्या सीटवर आडवं करून आमच्याकडे घेऊन आला.

“झोपल्यावर काय न्हाई, डाक्टर. उठाय लागलं की जीव जातुया,” आजी म्हणाल्या. निम्मं निदान या वाक्यातच होतं. पडून राहिलं की दुखणं थांबतं आणि उठताना, कूस बदलताना कळ येते, म्हणजे आत काहीतरी हलतंय. पडून राहूनही रात्री ठणकणारं दुखणं असतं, सोबत ताप आणि वजनातली घट असते, तेव्हा आपल्याकडे आधी क्षय आणि कर्करोग मनात आणावे लागतात. भारतात मणक्याचा क्षय विसरून चालत नाही.

पाठीच्या मध्यरेषेवर मुठीने हलकेच ठोकत खाली आलो. बरगड्या संपतात त्याच्या जरा खाली आजी कळवळल्या. पायांची ताकद चांगली होती, संवेदना शाबूत होत्या, लघवीवर ताबा होता. म्हणजे मज्जारज्जूवर आणि नसांवर दाब नव्हता. तो असता तर हा लेख वेगळा झाला असता, कारण मग दाब मोकळा करण्याची शस्त्रक्रिया लागते आणि सुईने मणक्यात हाडाचं सिमेंट भरण्याची चर्चाच संपते.

आणखी दोन गोष्टी दिसल्या. सून म्हणाली, “वर्षा-दोन वर्षांत आईंचं लुगडं पायात यायला लागलंय. नेसण्याची पद्धत तीच आहे.” उंची कमी होत असल्याचा याहून चांगला पुरावा कुठल्या दवाखान्यात मिळणार! एखादा मणका आधीच बसला असावा, अशी शंका तिथेच आली. दुसरी गोष्ट आजींच्या चेहऱ्यावर होती. हातपाय काटकुळे, पण चेहरा गोल, गाल तुकतुकीत. हातांची कातडी कागदासारखी पातळ, जागोजागी काळेनिळे डाग. विचारल्यावर आधी नाही म्हणाल्या. मग सुनेने पिशवीतून पुड्या काढल्या. गुडघ्यांसाठी बाजारच्या दिवशी एक माणूस द्यायचा. तीन वर्षं रोज एक. “त्यानंच तर चालत हुते मी,” आजी.

नाव नसलेल्या अशा पुड्यांत स्टिरॉइड असण्याची शक्यता दांडगी असते. गुडघे दोन दिवसांत मोकळे होतात, भूक लागते, तरतरी येते, म्हणून माणूस त्या सोडत नाही. इकडे हाडं पोखरत राहतात. आणि पुड्या एकदम बंद करणंही धोक्याचं. बाहेरून रोज स्टिरॉइड मिळालं की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी आपलं काम, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड (कॉर्टिसॉल) बनवणं, थांबवतात. त्या अवस्थेत पुडी बंद झाली आणि वर शस्त्रक्रियेचा ताण आला, तर रक्तदाब कोसळू शकतो. सकाळी आठ वाजता घेतलेल्या रक्तात कॉर्टिसॉल फारच कमी निघालं. पुड्या बंद केल्या, त्याऐवजी मोजून प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू केलं. ते हळूहळू उतरवायचं काम हार्मोनतज्ज्ञांकडे सोपवलं.

आता एक्स-रे. तालुक्याचा एक्स-रे झोपवून काढलेला होता आणि त्यात एल-१ जेमतेम चेपलेला दिसत होता. त्या फिल्मवर झीज म्हणणाऱ्याला मी फार दोष देणार नाही. आम्ही आजींना आधार देऊन बसवलं आणि बाजूने दुसरा काढला. बसल्यावर मणक्याची पुढची उंची निम्म्यावर आली होती, पाठीवर झोपवलं की पुन्हा बरीचशी उघडत होती. म्हणजे मोडलेलं हाड दर उठण्याबसण्याला मिटत-उघडत होतं. ठिसूळ हाडांच्या माणसाला पाठीत अचानक कळ आली असेल तर बसवून किंवा उभं करून काढलेला एक्स-रे मागून घ्यावा, असं मी नेहमी सांगतो. खर्च जवळपास तेवढाच, माहिती कितीतरी जास्त. मणक्यांच्या अशा फ्रॅक्चरपैकी बहुतेकांचं निदान वेळेवर होतच नाही. ‘म्हातारपणाची पाठदुखी’ या शेऱ्याखाली ती गाडली जातात.

एमआरआयमध्ये दोन मणके चेपलेले दिसले, एल-१ आणि वर पाठीतला डी-८. हाडातलं पाणी उजळ दाखवणाऱ्या फिल्मवर एल-१ पांढराशुभ्र होता, डी-८ शेजारच्या मणक्यांसारखाच काळसर. ताज्या फ्रॅक्चरमध्ये सूज असते, जुन्या जुळलेल्यात नसते. म्हणजे डी-८ कधीतरी आधीच बसला होता आणि लुगडं पायात येण्याचं तेही एक कारण. मणक्यांमधल्या गाद्या शाबूत होत्या. क्षयात त्या बऱ्याचदा बिघडतात. मणक्याची मागची भिंत टिकून होती, मागच्या कमानी आणि त्यांना मणक्याशी जोडणारे खुंट स्वच्छ होते, त्यामुळे कर्करोगाची शक्यताही मागे पडली. तरी ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी), कॅल्शियम, मूत्रपिंडाच्या चाचण्या, थायरॉइड आणि मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगासाठी प्रथिनांची तपासणी केली. ड जीवनसत्त्व फारच कमी, मिलिलिटरमागे ११ नॅनोग्रॅमवर होतं. नितंबाच्या हाडाची घनता मोजली, टी-स्कोअर उणे ३.१ आला. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. पण खरं सांगायचं तर किरकोळ दणक्याने मणका बसला तिथेच ते निदान झालेलं असतं.

“दोन मोडलेत तर दोन्हींत सिमेंट भरून टाका,” मुलगा म्हणाला. चेपलेला दिसतो म्हणून मणक्यात सिमेंट घालत नाहीत. जो दुखतोय त्यात घालतात, तेही तो ताजा असेल तर आणि दुखणं साध्या उपायांनी हटत नसेल तर. डी-८ला हात लावायचं कारणच नव्हतं.

एल-१लाही आम्ही लगेच हात लावला नाही. असं बहुतेक फ्रॅक्चर सहा ते बारा आठवड्यांत दुखायचं थांबतं, म्हणून आधी ती संधी द्यायची. पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी, थोडे दिवस ट्रामाडॉल हे जास्त जोरकस वेदनाशामक, सोबत बद्धकोष्ठावरचं औषध न विसरता. पुढे झुकू न देणारा पट्टा, आणि दिवसातून अनेकदा उठवून बसवणं. महिनाभर झोपून राहण्याचा सल्ला मी कटाक्षाने टाळतो. या वयात पलंगावर पडलेल्या माणसाचे स्नायू आणि हाडं दोन्ही झपाट्याने उतरतात, छातीत कफ धरतो, पायात गुठळ्या होतात.

पण आजींचं गाडं पुढे सरकेना. दहा मिनिटांपलीकडे बसता येत नव्हतं. संडासला उठावं लागू नये म्हणून त्यांनी पाणी पिणं तोडलं होतं, हे सुनेने सांगितलं नसतं तर आम्हाला कळलंच नसतं. पाचव्या आठवड्यात दहापैकी आठ दुखत होतं, बसून काढलेल्या एक्स-रेत मणका आणखी चेपला होता आणि फुप्फुसाच्या तळाशी घरघर ऐकू येऊ लागली होती. आता वाट पाहणं हाच मोठा धोका होता.

घरात दोन तट होते. थोरल्याचं म्हणणं, “स्क्रू-रॉड टाकून एकदाच पक्कं करा.” त्याच्या ओळखीतला एक पस्तिशीचा गवंडी मचाणावरून पडला होता, त्याला स्क्रू टाकल्यावर तो लवकर हिंडूफिरू लागला. गवंड्याचं उदाहरण खरं होतं, पण इथे लागू नव्हतं. तरुणात मोठ्या धक्क्याने मणका चहूबाजूंनी फुटतो. नसा शाबूत असतील तर हल्ली पाठ उघडून स्नायू सोलावे लागत नाहीत. दीड-दोन सेंटिमीटरच्या छेदांतून, सी-आर्म या चालत्या एक्स-रे यंत्रावर बघत स्क्रू घालतात, त्यांवरून कातडीखालून दांड्या सरकवतात, आणि हाड जुळल्यावर पुढे काढूनही टाकता येतात. रक्तस्राव थोडा, स्नायू शाबूत. पण त्या स्क्रूला धरायला घट्ट हाड लागतं. आजींच्या हाडात तो ढिला होऊन निघाला असता, नाहीतर त्याच्या वरचा मणका बसला असता. धाकटी मुलगी मात्र पुण्याहून मोबाइलवर काहीतरी वाचून आली होती. तिचा प्रश्न नेमका होता: “सिमेंटचा उपयोगच होत नाही असं सिद्ध झालंय ना?”

तिला दिलेलं उत्तर इथे जरा सविस्तर लिहितो, कारण अर्धवट माहिती दोन्ही बाजूंनी फिरते. १९८४ साली फ्रान्समधल्या अमियाँ इथे गालिबेर आणि देरामाँ यांनी मानेच्या दुसऱ्या मणक्यातल्या रक्तवाहिन्यांच्या गाठीत सुईने हाडाचं सिमेंट भरलं. व्हर्टिब्रोप्लास्टी तिथून सुरू झाली. पुढे ती ठिसूळ हाडांच्या फ्रॅक्चरसाठी जगभर होऊ लागली, फारशी कसून तपासणी न होताच. २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दोन चाचण्या एकत्र आल्या, एकीत १३१ रुग्ण, दुसरीत ७८. निम्म्यांना खरं सिमेंट, उरलेल्यांना लुटुपुटीची शस्त्रक्रिया. त्यांना भूल दिली, सुई टोचली, सिमेंटचा उग्र वासही खोलीत पसरवला, पण सिमेंट भरलं नाही. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला. धंद्याला हा मोठा धक्का होता आणि तो बसायला हवाच होता. मात्र या चाचण्यांत वर्षभरापर्यंतची जुनी फ्रॅक्चरही घेतली होती. २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या १२० रुग्णांच्या चाचणीत फक्त सहा आठवड्यांच्या आतली, दहापैकी सात किंवा जास्त दुखणारी फ्रॅक्चर घेतली, तिथेही तुलना लुटुपुटीच्या शस्त्रक्रियेशीच होती. सिमेंटचा फायदा दिसला, आणि पाठ-कमरेच्या सांध्यावर जास्त दिसला. पुन्हा २०१८ साली नेदरलँड्सच्या १८० रुग्णांच्या चाचणीत, नऊ आठवड्यांपर्यंतच्या फ्रॅक्चरमध्ये, ठळक फरक आढळला नाही.

या सगळ्यातून मी घेतो ते इतकंच: सरसकट कोणाच्याही मणक्यात सिमेंट घालणं चूक आहे. फ्रॅक्चर ताजं आहे, एमआरआयवर उजळ आहे, माणूस दुखण्याने अंथरुणाला खिळला आहे आणि मणका बसताच चालला आहे, अशा थोड्या रुग्णांत ते करण्याजोगं आहे. आजी त्या थोड्यांत बसत होत्या. मुलीला हे पटलं की नाही माहीत नाही, पण आजींनीच निकाल दिला. “मला संडासला जाता येऊ दे, बास.”

मग फुगा वापरायचा की नाही? कायफोप्लास्टीत आधी मणक्यात फुगा फुगवून चेपलेलं हाड उचलतात, पोकळी करतात आणि त्यात सिमेंट भरतात. सिमेंट बाहेर झिरपण्याचं प्रमाण त्यात कमी असतं. पण फुग्यांचा संच साध्या सुयांच्या काही पट महाग, आणि दुखणं कमी करण्यात दोन्हींमध्ये मोठा फरक दाखवता आलेला नाही. आजींचा मणका नुसतं झोपवल्यावर उघडत होता, पालथं घालून छातीखाली आणि नितंबाखाली लोड ठेवले की आणखी उघडत होता. जे काम उशी फुकट करते त्यासाठी फुग्याचे पैसे कशाला भरायचे?

प्रत्यक्ष काम पाऊण तासाचं. अधिवृक्क ग्रंथी सुस्त होत्या म्हणून आधी हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड शिरेतून दिलं. आजी पालथ्या, जाग्याच, थोडी गुंगी. कातडीपासून हाडाच्या पापुद्र्यापर्यंत भूल दिली. दोन्ही बाजूंनी मणक्याच्या खुंटांतून ११ गेजच्या सुया. समोरून बघताना खुंट अंडाकृती दिसतो, सुई त्याच्या बाहेरच्या कडेवर टेकवायची. बाजूने बघताना सुईचं टोक मणक्याच्या मागच्या भिंतीपर्यंत पोहोचेपर्यंत समोरच्या चित्रात तिने खुंटाची आतली कड ओलांडता कामा नये. आतल्या कडेपलीकडे मज्जारज्जूची नळी आहे. बाकी सगळं कौशल्य नंतरचं, हा नियम आधी. सिमेंट घालण्याआधी त्याच सुईतून हाडाचा तुकडा काढून पॅथॉलॉजीला दिला. एमआरआय कितीही निर्धास्त करणारा असो, तुकडा पाठवायचाच.

सिमेंट म्हणजे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, गुडघा-खुबा बदलताना वापरतात तेच, एक्स-रेत दिसावं म्हणून बेरियम घातलेलं. ते पातळ असताना घातलं तर शिरांतून पळतं आणि फुप्फुसापर्यंत जाऊ शकतं. म्हणून टूथपेस्टइतकं घट्ट होईपर्यंत हातावर हात ठेवून थांबायचं. मग छोट्या सिरिंजने थोडं थोडं, प्रत्येक वेळी पडद्याकडे बघत. तीन मिलिलिटर गेल्यावर पुढच्या बाजूला एक बारीक काळी रेघ शिरेकडे सरकताना दिसली. थांबलो. मिनिटभरात तिथलं सिमेंट आळलं, मग पुन्हा सुरू केलं. एकूण साडेचार मिलिलिटर. मणका काठोकाठ भरण्याचा हट्ट धरायचा नसतो. जास्त सिमेंट म्हणजे जास्त आराम असं गणित नाही, झिरपण्याचा धोका मात्र वाढतो.

संध्याकाळी आजी वॉकर धरून संडासपर्यंत गेल्या. दुसऱ्या दिवशी दुखणं दहापैकी तीनवर. घरच्यांच्या दृष्टीने चमत्कार. मी त्याला चमत्कार म्हणणार नाही. यातलं सिमेंटमुळे किती, पापुद्र्यात दिलेल्या भुलीमुळे किती आणि पाच आठवडे उलटले म्हणून किती, हे एका रुग्णावरून कोणीच सांगू शकत नाही. आजींना बसता येऊ लागलं, त्या पाणी पिऊ लागल्या, छाती आठवड्यात मोकळी झाली, हे दिसत होतं. पॅथॉलॉजीत ठिसूळ, जुळू पाहणारं हाड, दुसरं काही नाही.

घरी जाताना थोरल्याने विचारलं, “आता झालं ना सगळं?” सिमेंटने एक मणका भरला होता, बाकीचे तसेच ठिसूळ होते. एकदा मणका बसलेल्या बायकांपैकी साधारण पाचात एकीचा आणखी एक मणका वर्षभरात बसतो. आधी ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम भरून काढलं. मग टेरिपॅराटाइड, रोज २० मायक्रोग्रॅम, कातडीखाली. ते नवं हाड बनवतं, आणि स्टिरॉइडने झिजलेल्या हाडांत २००७ सालच्या एका चाचणीत अ‍ॅलेंड्रोनेट या हाडांच्या नेहमीच्या औषधापेक्षा त्याने मणके कमी मोडले होते. औषधाचं इंजेक्शन-पेन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि रोज टोचावं लागतं. सून एका दुपारीत शिकली. जास्तीत जास्त दोन वर्षं द्यायचं, मग झोलेड्रोनिक आम्लाची वर्षातून एक सलाइन. टेरिपॅराटाइड संपल्यावर पुढचं औषध दिलं नाही तर कमावलेलं हाड परत जातं. सहा महिन्यांनी घ्यायच्या डेनोसुमॅबची चौकशी मुलीने केली होती. ते मी मुद्दाम टाळलं, कारण त्याचा एखादा डोस चुकला तर हाडं वेगाने झिजून एकदम अनेक मणके बसू शकतात. गावापासून इतक्या लांब, कोण आठवणीने आणणार? पैसे संपले, पावसात रस्ता बंद झाला, असं काहीही होतं.

तिसऱ्या महिन्यात आजी परत आल्या. नळाला पाणी आलं, घरात कोणी नव्हतं, त्यांनी हंडा उचलला. पाठीत कळ. एमआरआयवर डी-१२ उजळ होता, सिमेंट भरलेल्या मणक्याच्या लगेच वरचा. सिमेंटने एल-१ कडक झाल्यामुळे शेजाऱ्यावर भार आला, की ठिसूळ हाड हंड्याने मोडणारच होतं? यावर आमच्यातही दोन मतं आहेत. मी दुसऱ्याकडे झुकतो, कारण सिमेंट न भरलेल्यांचेही शेजारचे मणके बसताना मी बघतो.

मुलगा आता अनुभवी. “यातही भरा.” या वेळी मी नाही म्हणालो. दुखणं दहापैकी पाच, आजी अर्धा तास बसत होत्या, स्वतः संडासला जात होत्या. बसून आणि झोपून काढलेल्या एक्स-रेत उंचीचा फरक जवळजवळ नव्हता, म्हणजे हाड हलत नव्हतं. पट्टा, पॅरासिटामॉल, टेरिपॅराटाइड चालूच. सहा आठवड्यांत दुखणं एकवर आलं. एकाच बाईचे शेजारशेजारचे दोन मणके, एकाला सुई लागली, दुसऱ्याला नाही. पहिलंच पाहून निघून गेलेल्या माणसाला वाटलं असतं, सिमेंटशिवाय गत्यंतर नाही.

आता आठवा महिना चालू आहे. प्रेडनिसोलोन सुटलं, सकाळचं कॉर्टिसॉल पुरेसं येतंय. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले पाठ सरळ ठेवण्याचे व्यायाम आजी भिंतीला टेकून करतात, कंटाळून का होईना. हंडा सुनेकडे, बसमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली सीट, एवढ्यावर घरात एकमत आहे. गुडघे मात्र पुड्या बंद झाल्यापासून बोलायला लागलेत. मागच्या खेपेला निघताना आजींनी हळूच विचारलं, “त्यातली एक तरी पुडी चालंल का, एकादशीला?” नाही म्हटलं, आणि गुडघ्यांचे एक्स-रे उभं करून काढायला पाठवलं.